करणाऱ्याचं नाव

तुकोबांच्या चरित्रातली दोन माणसं मला कधी एकमेकांपासून वेगळी करून वाचता आली नाहीत. एक सालोमालो आणि दुसरे वाघोलीचे रामेश्वरभट. सालोमालो तुकोबांचे अभंग उचलायचा, 'तुका म्हणे'च्या जागी आपली मुद्रा घालायचा आणि कीर्तनात आपलेच म्हणून गायचा. रामेश्वरभटांना त्या अभंगांची मालकी नको होती, त्यांना ते अभंगच नको होते. वाण्याचं दुकान चालवलेल्या एका कुणब्यानं वेदांचा अर्थ प्राकृतात सांगावा हे त्यांना धर्माविरुद्ध वाटलं आणि वह्या इंद्रायणीत गेल्या. एकानं अभंग ठेवला आणि नाव पुसलं. दुसऱ्याला नाव ठाऊक होतं, म्हणून तो अभंग पुसायला निघाला.

आपण या दोन गोष्टींची चर्चा नेहमी दोन वेगळ्या जागी करतो. वाङ्मयचौर्य हा साहित्यिक मंडळींच्या कुजबुजीचा किंवा फार तर कोर्टाचा विषय, आणि धर्मद्वेष हा राजकारणाचा, दंगलीचा. मला मात्र वर्षानुवर्षं वाटत आलं आहे की दोन्हींच्या मुळाशी एकच न सोसणं आहे. एवढी चांगली गोष्ट *या* माणसाच्या हातून झाली, हे पाहवत नाही. देहूतला दिवाळं निघालेला एक दुकानदार असं लिहितो, हे सालोमालोला पाहवलं नाही, रामेश्वरभटांनाही पाहवलं नाही. प्रत्येकानं आपापल्या स्वभावाप्रमाणे वाट काढली.

सालोमालोबद्दल तुकोबांनी स्वतः अभंग लिहिले आहेत, नाव घेऊन लिहिले आहेत. ते वाचताना एक गोष्ट लक्षात येते. आपली कीर्ती दुसऱ्यानं खाल्ली, अशी तक्रार त्यांत कुठे नाही. राग आहे तो वचनं मोडल्याचा. एकाचं बोलणं आपलं म्हणून सांगायचं, त्यासाठी शब्द इकडचे तिकडे करायचे आणि त्या मोडतोडीतून स्वतःसाठी भूषण घडवायचं, याचा हा राग आहे. चोरी करणाऱ्याला कविता जशीच्या तशी ठेवणं परवडत नाही, खुणा बुजवाव्याच लागतात. 'तुका म्हणे' काढून दुसरं नाव बसवायचं तर अक्षरसंख्या हलते, अक्षरसंख्या हलली की शब्द बदलावा लागतो आणि शब्द बदलला की ज्या अनुभवातून तो आला तो अनुभव सुटतो. दुष्काळात बायको अन्नान्न करत गेलेली पाहिलेल्या माणसाचा एखादा शब्द सालोमालोच्या तोंडी शोभेचा होतो. नुकसान तुकोबांचं होतंच, पण त्याहून ते ऐकणाऱ्याचं होतं. त्याच्या हाती खोटं नाणं पडतं आणि ते खोटं आहे हे त्याला कधीच कळत नाही.

रामेश्वरभटांची कथा पुढे ज्या वळणाला जाते ते वळण मला फार महत्त्वाचं वाटतं. वह्या बुडाल्यावर तुकोबा अन्नपाणी सोडून तेरा दिवस बसले, हे त्यांच्याच अभंगांत आहे. महिपतींनी अठराव्या शतकात 'भक्तलीलामृत'मध्ये त्याच्या भोवतीची गोष्ट सांगितली. रामेश्वरभट पुण्याकडे आले, तिथे अनगडशाह नावाच्या फकिराच्या जागेतल्या पाण्यात त्यांनी स्नान केलं आणि फकिराच्या शापानं त्यांच्या अंगाचा दाह सुरू झाला. काही केल्या तो शमेना. आळंदीला ज्ञानोबांच्या समाधीपाशी ते बसले, तेव्हा तुकोबांकडे जाण्याचा दृष्टांत झाला. तुकोबांनी पाठवलेल्या एका अभंगानं दाह शांत झाला. ही गोष्ट इतिहास म्हणून घ्यायची की श्रद्धा म्हणून, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण ती रचणाऱ्या आणि पिढ्यान्‌पिढ्या ऐकणाऱ्या मराठी मनाला हे सुचलं की ब्राह्मण पंडिताचा अहंकार उतरवायला एक मुसलमान फकीर, एक समाधिस्थ ज्ञानी आणि एक कुणबी कवी असे तिघे लागतात. आजही आषाढी वारीला तुकोबांची पालखी देहूतून निघते तेव्हा तिचा पहिला विसावा अनगडशाहबाबांच्या दर्ग्यापाशी असतो. तिथे अभंग होतो, आरती होते आणि मग पालखी पुढे जाते.

रामेश्वरभट नुसते गप्प बसले नाहीत. ते तुकोबांचे शिष्य झाले आणि त्यांनी तुकोबांची आरती लिहिली. देहूपासून पंढरपुरापर्यंत जी आरती म्हणतात तिच्या शेवटी रामेश्वर हे नाव आहे. ज्यानं वह्या बुडवायला लावल्या त्यानं आपल्या सहीनिशी जाहीर कबुली दिली. म्हणून मला त्यांच्याबद्दल मनात आदर आहे. द्वेष करणाऱ्याला निदान हे ठाऊक असतं की समोर कोणीतरी आहे आणि त्याचं म्हणणं काय आहे. त्याला एक दिवस लाज वाटू शकते. सालोमालोच्या पश्चात्तापाची कथा मात्र परंपरेनं सांगितलेली नाही. ज्याच्याकडून घेतलं तो माणूसच नव्हता असं एकदा मनाशी ठरवल्यावर क्षमा तरी कोणाची मागायची?

मी इथे उसनवारीबद्दल बोलत नाही. उसनवारीशिवाय कला होत नाही, आणि आपल्याकडे तर ती उजळ माथ्यानं केली गेली. जुन्या संगीत नाटकांची छापील पुस्तकं कधी हातात घेऊन पाहा. पिवळी पडलेली पानं, बारीक टाइप, आणि जवळजवळ प्रत्येक पदाच्या डोक्यावर कंसात लिहिलेलं असतं 'चाल', आणि पुढे ज्या मूळ गाण्यावरून ती घेतली त्याचे पहिले शब्द. लावणी, साकी, कानडी पद, ठुमरी, ख्याल, जे काही असेल ते. 1882 साली 'सौभद्र' रंगभूमीवर आलं तेव्हा अण्णासाहेब किर्लोस्करांना कोणत्या कायद्याची भीती होती? नटानं पद उचललं की जाणकाराला मूळ ओळखू येणार होतंच, आणि न ओळखणाऱ्याला पुस्तक सांगत होतं. घेतलं आहे, हे लपवण्याची गरजच कोणाला वाटली नाही. म्हणून ती चोरी झाली नाही, तिचं नाट्यसंगीत झालं.

एकनाथांनी तर या बाबतीतला दंडकच घालून दिला. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या जमवून पाठ शुद्ध केला आणि शेवटी बजावलं की या ग्रंथात कोणी आपली ओवी घुसडेल तर त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं. हे बजावणारे नाथ स्वतः हजारो ओव्या सहज लिहू शकत होते. ज्ञानोबांच्या नावावर आपल्या दहा ओव्या खपवल्या असत्या तर ओळखणारा विरळा होता. त्यांनी तसं केलं नाही, दुसऱ्यालाही करू दिलं नाही. आणि याच नाथांनी 'हिंदु-तुर्क संवाद' लिहिला, ज्यात दोघंही एकमेकांच्या धर्मावर कडाडून टीका करतात आणि अखेर एकमेकांना आलिंगन देतात. ज्याला दुसऱ्याच्या ओवीत ढवळाढवळ सहन होत नाही, त्यालाच दुसऱ्याच्या देवाचं म्हणणं पूर्ण ऐकून घेता येतं. मला हे दोन वेगवेगळे गुण वाटत नाहीत.

उलट्या दिशेनं होणारा अन्यायही आहे, तो पटकन सांगतो. प्रभातच्या 1936 सालच्या 'संत तुकाराम'मध्ये सालोमालो पडद्यावर आला. त्याच चित्रपटात बीज आणि फळ यांच्या रूपकाचं एक गाणं आहे. ते शांताराम आठवल्यांनी लिहिलं, इतकं तुकोबांच्या वळणाचं की लोकांनी ते गाथेतलंच धरलं, आणि आजही अनेक ठिकाणी ते तुकोबांचा अभंग म्हणून म्हटलं जातं. प्रेमापोटी होतं, हे मान्य. पण आठवल्यांचं नाव त्यात हरवतं. वाङ्मयचोरीची कथा सांगणाऱ्या चित्रपटातल्या कवीचं हे होऊ नये.

आता मला जे खरं बोलायचं आहे ते.

गाण्याच्या कार्यक्रमांची निवेदनं मी अधूनमधून लिहितो. आषाढीच्या सुमारास एका अभंगवाणीच्या कार्यक्रमाचं निवेदन लिहिलं होतं. गायिका किराण्याची तालीम घेतलेली. मी सुरुवातीलाच चार वाक्यं लिहिली होती : अब्दुल करीम खाँसाहेब, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी आणि तिथून या गायिकेपर्यंत आलेला सूर. संयोजकांकडून कागद परत आला तेव्हा पहिल्या नावावर निळ्या पेननं आडवी रेघ होती. समासात लिहिलं होतं, 'फक्त किराणा घराणं म्हणावे.' फोन केला तर शांतपणे उत्तर मिळालं की विठ्ठलाचा कार्यक्रम आहे, वातावरण जरा तसं आहे, कशाला उगाच. त्याच कागदावर खाली गाण्यांची यादी होती. नामदेवांच्या एका अभंगापुढे छापलं होतं, 'चाल : पारंपरिक.' ती चाल राम फाटकांची आहे. भीमसेनजी ती गायले आणि घराघरात गेली. फाटक आपल्याच गावात, आपल्याच काळात होऊन गेले. तरी त्यांच्यापुढे 'पारंपरिक'.

एकाच कागदावर या दोन गोष्टी माझ्यासमोर होत्या. एक नाव द्वेषानं, किंवा द्वेषाच्या भीतीनं, खोडलेलं. दुसरं बेफिकिरीनं गाळलेलं. आणि दोन्ही नावं गाळून जे उरलं होतं ते सगळं आपलं, फुकटचं, कोणाचंच देणं नसलेलं. ते पाहून मला जो संताप आला तो अजून शमलेला नाही. गायिकेनं मात्र योग्य तेच केलं. भैरवीच्या आधी तंबोरे जुळवून घेताना तिनं स्वतःच माइकवर गुरूंची सगळी नावं घेतली, खाँसाहेबांपासून, आणि फाटकांचंही घेतलं. सभागृहातून कोणी उठून गेलं नाही. टाळ्या झाल्या आणि मग भैरवी झाली.

अब्दुल करीम खाँ कैरान्याचे. बडोद्यात ताराबाई मान्यांशी त्यांचं जुळलं, दोघं महाराष्ट्रात आले. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे ही त्यांची मुलं. हिराबाईंनी स्त्री कलावंताला जाहीर मैफलीत मानानं बसवलं आणि अख्ख्या मराठी मध्यमवर्गाला ख्याल ऐकायला शिकवलं. 1937 साली मद्रासकडच्या प्रवासात एका लहानशा स्टेशनवर खाँसाहेबांनी देह ठेवला. त्यांना मिरजेत आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं, आणि मोठमोठे गवई मानधनाचा विचार न करता हजेरी लावून जातात. धारवाड-गदगकडच्या एका शाळकरी पोरानं खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकली आणि गाण्यासाठी घर सोडलं. तो पोरगा म्हणजे भीमसेन. आज आषाढी एकादशीच्या पहाटे ज्या आवाजातला विठ्ठल आपल्या घरात घुमतो, त्या आवाजामागे दर्ग्यात निजलेला एक मुसलमान आहे. हा भावनेचा अलंकार मी जोडलेला नाही, ही गुरुपरंपरा आहे. तिच्यातलं एक नाव काढलं तर पुढचा सूर कुठून आला याचं उत्तर देता येणार नाही.

मिरजेतच सतारमेकर गल्ली आहे. शिकलगार घराणी पिढ्यान्‌पिढ्या तिथे सतारी आणि तंबोरे घडवतात. एके काळी हे हत्यारांना धार लावणारे कारागीर, पुढे वाद्यांकडे वळले. दुकानात शिरलं की छताला टांगलेले वाळके भोपळे दिसतात. तंबोऱ्याचा हा भोपळा बहुतेक पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं येतो. चंद्रभागेच्या खोऱ्यात पिकलेला भोपळा, त्याला तुणाच्या लाकडाचा दांडा, मुसलमान कारागिराचा हात, आणि मग तो तंबोरा कीर्तनकाराच्या मागेही उभा राहतो आणि खाँसाहेबांच्या मागेही. जवारी काढताना कारागीर कान जवळजवळ घोडीला टेकवतो, दोरा सूतभर सरकवतो, तार छेडतो, पुन्हा सरकवतो. हे तास-तास चालतं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे या वस्तूवर या गावाचं नाव कायद्यानं लागलं. याच मिरजेत 2009 च्या गणेशोत्सवात एका कमानीवरच्या अफझलखान वधाच्या चित्रावरून दंगल पेटली आणि सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत पसरली. गावं बंद, संचारबंदी, विसर्जन रखडलेलं. तेव्हा त्या गल्लीतल्या कारागिरांच्या दारावरून काय काय गेलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

द्वेषाला नाव पुसायचं असतं, हे आपण याहून उघड रूपातही पाहिलं आहे. औरंगाबादेत जन्मलेला वली दखनी हा उर्दू गझलेच्या आद्य कवींपैकी एक. गुजरातवर त्याचा इतका जीव की तो वली गुजराती म्हणूनही ओळखला जातो. अहमदाबादेत त्याची मजार होती. 2002 च्या दंगलीत ती जमीनदोस्त केली गेली आणि पाठोपाठ तिथे डांबर टाकून रस्ता करून टाकला. त्याच दिवसांत बडोद्यात आफताब-ए-मौसिकी फैयाज खाँसाहेबांच्या कबरीवर हल्ला झाला. 'प्रेमपिया' या नावानं त्यांनी केलेल्या बंदिशी आजही गायल्या जातात, आणि होरीत कृष्णाचं मनवणं गावं तर त्यांनीच. कबर तोडणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं असं म्हणून मला समाधान करून घेता येत नाही. ठाऊक असतं तरी त्यांनी बंदिश ठेवली असती आणि कबर तोडली असती.

हा रोग एका धर्माचा नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटलं पाहिजे. कराचीचे अमजद साबरी हे गुलाम फरीद साबरींचे चिरंजीव, कव्वालीतल्या एका थोर घराण्याचे वारस. 2015 साली 'बजरंगी भाईजान'मध्ये त्यांच्या घराण्यानं गाजवलेली कव्वाली आली तेव्हा आपल्याला विचारलं नाही, असा आक्षेप घेऊन त्यांनी कायदेशीर पाऊल उचललं. त्याआधी, 2014 मध्ये, दूरचित्रवाणीवर गायलेल्या एका कव्वालीवरून ईशनिंदेच्या प्रकरणात त्यांचं नाव आलं होतं. आणि 22 जून 2016 ला, रमजानच्या महिन्यात, कराचीत भर रस्त्यात त्यांच्या गाडीवर गोळ्या झाडून त्यांना मारलं. पाकिस्तानी तालिबानच्या एका गटानं जबाबदारी घेतली. सीमेच्या एका बाजूला त्यांच्या घरचं गाणं त्यांना न विचारता वाजत होतं, दुसऱ्या बाजूला ते गाणं गातात म्हणून त्यांचा जीव घेतला गेला. सालोमालो आणि रामेश्वरभट दोघंही एकाच माणसाच्या वाट्याला आले, फक्त इथल्या रामेश्वरभटांना दाह झाला नाही आणि आरतीही कोणी लिहिली नाही.

कायद्यानं यातलं थोडं सावरता येईल. पण बंदिशी तोंडातोंडी आलेल्या, कोणाच्या वहीत, कोणाच्या गळ्यात. सदारंगाच्या काळातल्या ख्यालाचा हक्क आज कोण मागणार? तिथे कायदा चालत नाही, शिष्याचं इमान चालतं. भास्करबुवा बखल्यांनी बडोद्यात फैज महंमद खाँ, मग आग्र्याचे नत्थन खाँ, मग अल्लादिया खाँ असे तीन उस्ताद केले, आणि त्या तालमीतून 1916 साली 'स्वयंवर'च्या पदांना चाली दिल्या. बालगंधर्वांची रुक्मिणी त्या चालींवर उभी राहिली. बुवांनी आपले उस्ताद कधी लपवले नाहीत, उलट त्यांची नावं घेताना कानाची पाळी धरली. गवयांची ही रीत आहे : गुरूचं नाव आलं की हात कानाकडे जातो. त्या रीतीत कोणाचा धर्म विचारला जात नाही.

यंदा तुमच्या गणेशोत्सवात, दिवाळी पहाटेला, आषाढीला जो कार्यक्रम असेल त्याच्या पत्रिकेचा मसुदा छापायला जाण्याआधी एकदा नीट पाहा. प्रत्येक पदापुढे कवीचं नाव आहे का, चाल बांधणाऱ्याचं आहे का, आणि गाणाऱ्याचे उस्ताद खाँसाहेब असतील तर त्यांचं पूर्ण नाव आहे का? नसेल तर घाला. कोणी त्यावर रेघ मारली तर पुन्हा घाला, आणि तेही जमलं नाही तर माइकवरून मोठ्यानं सांगा.